शर्यतीच्या नियमाने रस्त्यावर आणलेलं इंजिन: ४२६ हेमीची पार्श्वभूमी

क्रायस्लरचं ४२६ हेमी इंजिन (४२६ घन इंची, ‘हेमी’ म्हणजे अर्धगोलाकार ज्वलनकक्षाचं) रस्त्यासाठी बनवलेलंच नव्हतं. फेब्रुवारी १९६४च्या डेटोना ५०० शर्यतीसाठी ते घाईघाईत उभं राहिलं आणि दोन वर्षांनी विक्रीच्या गाड्यांत बसलं, तेही अमेरिकेत मोटार शर्यती भरवणाऱ्या नासकार या संस्थेच्या नियमाने भाग पाडलं म्हणून. या गाड्यांवर आज लिलावात मोठाल्या बोली लागतात. त्यांचं बरंचसं तऱ्हेवाईक यंत्रकाम आणि दुरुस्तीतली डोकेदुखी त्या घाईतून आणि त्या नियमातून आली आहे.

ज्वलनकक्ष अर्धगोलाकार ठेवायचा, व्हॉल्व्ह समोरासमोर कलते बसवायचे आणि प्लग साधारण मधोमध आणायचा, ही कल्पना क्रायस्लरची नव्हे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतल्या गाड्यांत ती सापडते. फायदा असा की व्हॉल्व्ह मोठे बसतात आणि हवेला सरळ वाट मिळते. तोटा असा की प्रत्येक हेडला दोन रॉकर शाफ्ट (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफांचे दांडे) लागतात, हेड रुंद आणि जड होतं, घडणावळही महागते. दुसऱ्या महायुद्धात क्रायस्लरने याच तत्त्वावर १६ सिलिंडरचं उलटं व्ही विमानइंजिन बनवलं. ते पी-४७ विमानात बसवून उडवेपर्यंत १९४५ उजाडलं आणि युद्ध संपलं. तो अनुभव १९५१च्या ‘फायरपॉवर’मध्ये कामी आला: ३३१ घन इंच, १८० अश्वशक्ती. १९५५च्या सी-३०० गाडीत तीच जात ३०० अश्वशक्तीपर्यंत पोहोचली आणि त्या वर्षीचं नासकारचं अजिंक्यपद टिम फ्लॉकने तिच्याच जोरावर मिळवलं. १९५८नंतर मात्र हिशोब जमेना. साध्या पाचरीच्या आकाराच्या कक्षाचं इंजिन थोडं मोठं केलं की तेवढीच ताकद स्वस्तात निघत होती.

(त्याच दशकात कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये क्रायस्लरच्याच डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडल्या जात होत्या. त्यांत सहा सिलिंडरचं साधं साइड-व्हॉल्व्ह इंजिन असे, त्यामुळे मुंबईच्या जुन्या डॉजचं हेमीशी नातं फक्त नावाचं.)

डेटोनाच्या उंच, तिरक्या वळणांवर इंजिन पूर्ण थ्रॉटलवर सलग धावतं. तिथे क्रायस्लरचं पाचरी ४२६ श्वासाला कमी पडू लागलं. क्रायस्लरचा अभियंता टॉम हूव्हर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नवं इंजिन कोऱ्या कागदावर काढलं नाही, तेवढा वेळच नव्हता. त्यांनी असलेल्या मोठ्या ब्लॉकचीच मापं ठेवली, म्हणजे बोअर ४.२५ इंच आणि स्ट्रोक ३.७५ इंच, आणि वर अर्धगोलाकार हेड चढवलं. इनटेक व्हॉल्व्ह २.२५ इंचांचा, एक्झॉस्ट १.९४ इंचांचा. क्रँकच्या मधल्या तीन मेन कॅपना (क्रँक धरून ठेवणाऱ्या बेअरिंगच्या टोप्यांना) बाजूनेही बोल्ट दिले. शर्यतीला काही आठवडे उरले असताना चाचणीत सिलिंडरच्या भिंतींना तडे गेले. साचा बदलून जाड भिंतींचे ब्लॉक पुन्हा ओतले आणि ते कसेबसे वेळेत पोहोचले. २३ फेब्रुवारीला प्लिमथचा चालक रिचर्ड पेटी २०० पैकी १८४ फेऱ्या पुढे राहून जिंकला आणि पहिले तिन्ही क्रमांक हेमी बसवलेल्या प्लिमथांनी घेतले.

फोर्डने ओरड केली. नासकारने १९६५साठी दंडक घातला की इंजिन सर्वसामान्य विक्रीच्या गाडीत मिळत असलं पाहिजे. क्रायस्लरने चिडून बहिष्कार टाकला आणि पेटी काही काळ ड्रॅग शर्यतींकडे (छोट्या सरळ पट्ट्यावरच्या वेगाच्या शर्यतींकडे) वळला. शेवटी १९६६मध्ये ‘स्ट्रीट हेमी’ आलं. बदल मोजकेच होते: कॉम्प्रेशन १२.५ वरून १०.२५, कॅम सौम्य, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बीडाचा, आणि इनटेकवर चार-चार बॅरलचे दोन कार्टर कार्ब्युरेटर एकामागे एक. कागदावर मिनिटाला ५,००० फेऱ्यांना ४२५ अश्वशक्ती आणि ४,००० फेऱ्यांना ४९० पाउंड-फूट टॉर्क. वजन सुमारे ३८० किलो, आणि ते सगळं पुढच्या चाकांवर. कंपनीलाही हे इंजिन कोण घेणार आणि कसं चालवणार याची कल्पना असावी, कारण एरवीची ५ वर्षं किंवा ५०,००० मैलांची हमी हेमीसाठी १२ महिने किंवा १२,००० मैलांवर आणली होती.

घाईत ब्लॉक तोच ठेवल्याची किंमत हेड काढताना कळते. जिथे पाचरी इंजिनाचे बोल्ट यायचे तिथे आता इनटेकचे पोर्ट आहेत. म्हणून प्रत्येक हेडमध्ये खालून चार स्टड बसवले आणि त्यांचे नट टॅपेटच्या (कॅमची हालचाल व्हॉल्व्हकडे नेणाऱ्या दट्ट्यांच्या) दरीतून, खालच्या अंगाने आवळायचे. म्हणजे एका हेडचं गॅसकेट बदलायचं तरी आधी इनटेक मॅनिफोल्ड उतरवायला हवा. हे ठाऊक नसलेला मेकॅनिक वरचे बोल्ट सोडतो, हेड हलत नाही म्हणून पहार लावतो आणि गॅसकेटचा पृष्ठभाग खराब करून बसतो. पुन्हा बसवताना हे चार नट विसरले, तर तिथून पाणी किंवा कॉम्प्रेशन गळणार हे ठरलेलं.

प्लग रॉकर कव्हरमधून गेलेल्या नळ्यांच्या तळाशी असतात. नळीचं सील कडक झालं की तेल आत झिरपतं, प्लगच्या बुटात (तारेच्या टोकाच्या रबरी टोपीत) साचतं आणि इंजिन एका सिलिंडरवर चुकतं. प्लग काढण्याआधी नळीत हवा मारून कचरा उडवावा, नाहीतर तो थेट सिलिंडरमध्ये पडतो. कार्ब्युरेटरांत मागचा मुख्य आणि चोक त्यालाच. पुढचा नंतर उघडतो. लिंकेज नीट जुळलेलं नसेल तर पुढचा कायम किंचित उघडा राहतो आणि आयडलला इंजिन डचमळतं. शहरातल्या रांगेत प्लग काळे पडतात, ही जुनी तक्रार. १९६९पर्यंत टॅपेट सॉलिड होते आणि त्यांचा गॅप नियमित सेट करावा लागे. १९७०ला तेलाच्या दाबाने गॅप आपोआप भरून काढणारे हायड्रॉलिक आले. दोन्ही सपाट टॅपेटच, त्यामुळे आजचं कमी झिंकचं तेल घातलं तर कॅमचे लोब (उंचवटे) झिजून सपाट होतात. नवा कॅम बसवल्यावर इंजिन सुरू होताच मिनिटाला २,००० फेऱ्यांच्या वर सुमारे २० मिनिटं चालवायचं; आयडलवर सोडायचं नाही.

शर्यतीत याचं चीज झालं. १९६७च्या एका हंगामात पेटीने २७ शर्यती जिंकल्या, त्यांतल्या १० ओळीने. मग ताकदीपेक्षा हवाच आडवी येऊ लागली, आणि नियमाचा खेळ इंजिनावरून बॉडीवर आला. १९६९च्या डॉज चार्जर डेटोनाला टोकदार नाक आणि डिकीवर सुमारे दोन फूट उंच पंख मिळाला. पाचशे गाड्या विकायच्या म्हणून ५०३ बनवल्या, आणि त्यांतल्या जेमतेम ७० हेमीवाल्या. बाकीच्यांत ४४० घन इंचांचं इंजिन होतं, कारण बॉडी आणि इंजिन यांना मान्यता वेगवेगळी मिळत असे. २४ मार्च १९७०ला टॅलाडेगाच्या शर्यतपट्ट्यावर बडी बेकरने चार्जर डेटोनामधून ताशी २००.४४७ मैलांचा वेग नोंदवला. त्याच वर्षी प्लिमथला तशीच नाक-पंखवाली सुपरबर्ड काढताना दर दोन डीलरमागे एक गाडी बनवावी लागली. ती इतकी विचित्र दिसे की काही डीलरांनी नाक-पंख काढून साधी रोड रनर म्हणून खपवली. १९७१साठी नासकारने अशा पंखवाल्यांना ३०५ घन इंचांची मर्यादा घातली आणि विषय संपवला.

रस्त्यावरचं हेमीही १९७१लाच थांबलं. विम्याचे हप्ते, प्रदूषणाचे नियम आणि कॉम्प्रेशन उतरवण्याची सक्ती या सगळ्यांपुढे महागड्या, कमी खपाच्या इंजिनाला कोण वाचवणार? ड्रॅग शर्यतींत मात्र अर्धगोलाकार हेड टिकलं. टॉप फ्युएल या ड्रॅग वर्गाची आजची ५०० घन इंची ॲल्युमिनियम इंजिनं त्याच मांडणीची आहेत.

गाड्या मुळातच थोड्या असल्यामुळे बनावट खूप. चेसिस क्रमांकातलं पाचवं अक्षर आधी बघायचं: १९६६ला ‘एच’, १९६७ ते ६९ ‘जे’, १९७० आणि ७१ला ‘आर’. १९७०ची प्लिमथची हेमी कुडा हार्डटॉप असेल तर क्रमांक ‘बीएस२३आर०बी’ने सुरू होतो. बी-एस म्हणजे कुडा, २३ म्हणजे दोन दारांची हार्डटॉप, शेवटचं ‘बी’ म्हणजे हॅमट्रॅमकचा कारखाना. मग ब्लॉकवरचा ओतीव क्रमांक २४६८३३०. चार गिअरच्या हेमीला मागे डाना ६० जातीचा ॲक्सल आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टला १८ स्प्लाइन (खाचा) हवेत. २३ दिसले तर तो दुसऱ्या गाडीचा. १९६८पासून गाडीच्या क्रमांकाचा भाग इंजिन आणि गिअरबॉक्सवरही ठोकलेला असतो, त्यामुळे जोडी पडताळता येते. १९६६ आणि ६७च्या गाड्यांत तसं काही नाही. तिथे मदार कारखान्याच्या जोडणीपत्रकावर, आणि ते बहुधा मागच्या सीटच्या स्प्रिंगांत अडकलेलं सापडतं. सीट नव्याने मढवलेली असेल तर ते पत्रक कुठे गेलं, हे विक्रेत्याला बोली लावण्याआधी विचारावं.