स्वतःचा हलका फाइल सर्व्हर: साठवणुकीच्या वादाची पार्श्वभूमी

नेटवर्कवरून फायली हाताळण्याचे मार्ग जुने आहेत: फायली पाठवण्याच्या एफटीपीचा पहिला आराखडा १९७१चा, दुसऱ्या यंत्रावरील फायली आपल्याच असल्यासारख्या वापरू देणारे एनएफएस १९८४चे आणि विंडोजच्या संगणकांशी फायली वाटून घेणारा सांबा १९९२चा. १९९९ मध्ये वेबडॅवचे प्रमाणक आले आणि वेबसाठी उघड्या असलेल्या पोर्टवरूनच (नेटवर्कच्या प्रवेशद्वारावरूनच) फायली वाचण्या-लिहिण्याची सोय झाली. आजच्या अनेक सर्व्हरांचा पाया तोच आहे.

स्वतःच्या सर्व्हरची निकड मात्र २००८ नंतर, अनेक यंत्रांवरील फायली आपोआप सारख्या ठेवणाऱ्या व्यावसायिक सिंक सेवांची सवय लागल्यावर भासू लागली. २०१० मध्ये ओनक्लाउड हा मुक्तस्रोत पर्याय पुढे आला. २०१२ मध्ये ३५ डॉलरचा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक उपलब्ध झाला, पण त्याच्या २५६ मेगाबाइट मेमरीत ओनक्लाउडला लागणारे पीएचपी (वेबसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा), डेटाबेस आणि वेब सर्व्हर एकत्र चालवताना दमछाक होई. शिवाय नेटवर्क आणि डिस्क दोन्ही एकाच यूएसबी २.० वाहिनीवर असल्याने वेग विभागला जाई. ही अडचण २०१९च्या चौथ्या आवृत्तीतच दूर झाली.

वेगाच्या या ओढाताणीतूनच आजवर न मिटलेला वाद उभा राहिला: सर्व्हरने फायली तुकडे करून साठवाव्यात की जशाच्या तशा? सीफाइल या फाइल सर्व्हर प्रणालीने सर्व्हरचा गाभा सी भाषेत लिहिला आणि गिट या प्रोग्रॅमच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाच्या धर्तीवर फायलींचे तुकडे करून साठवण्याचा निर्णय घेतला. मोठ्या फायलीत थोडा बदल झाला तर केवळ बदललेले तुकडेच पाठवावे लागतात आणि जुन्या आवृत्त्याही कमी जागेत राहतात, हा लाभ निर्विवाद आहे. परंतु सर्व्हरची डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली, तर ओळखीच्या नावाची एकही फाइल दिसत नाही. दिसतात ती हॅशच्या (मजकुरावरून काढलेल्या अक्षर-अंकांच्या सांकेतिक खुणेच्या) नावांची फोल्डरे, आणि मूळ फायली परत मिळवण्यासाठी त्याच प्रणालीची साधने लागतात. ओनक्लाउडच्या मूळ पीएचपी आवृत्तीत, आणि २०१६ मध्ये त्यातून फुटून निघालेल्या नेक्स्टक्लाउडमध्येही, फायली सामान्यतः डिस्कवर जशाच्या तशा राहतात. तेथे बाहेरून थेट ठेवलेली फाइल पुन्हा स्कॅन केल्याशिवाय डेटाबेसला कळत नाही, एवढीच अडचण. घरगुती साठवणुकीत, जेथे बिघाडाच्या वेळी मदतीला तज्ज्ञ नसतो, तेथे जशाच्या तशा ठेवण्याची ही दुसरी पद्धतच अधिक सुरक्षित ठरते.

२०१३ पासूनच्या सिंकथिंग या सिंक प्रणालीने फायली जशाच्या तशाच ठेवल्या आणि मध्यवर्ती सर्व्हरच वगळला. २०२० मध्ये वायरगार्ड ही खासगी, कूटबद्ध जोडणीची (व्हीपीएन) प्रणाली लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ५.६ आवृत्तीत समाविष्ट झाल्यावर फाइल सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा न ठेवता, अशा जोडणीच्या बोगद्यातून साधा सांबा वापरणेही सुकर झाले.