अंडी उबवणी, घरगुती

खुडूक (अंड्यांवर बसायला आलेल्या) कोंबडीखाली किंवा लहान यंत्रात फलित अंडी ठेवून पिल्ले काढणे आणि अंगावर पिसे येईपर्यंत ती सांभाळणे, याला घरगुती अंडी उबवणी म्हणतात. महाराष्ट्रात ही परसातली विद्या आहे आणि ती बहुतेक ठिकाणी घरच्या बायकांच्याच हातात राहिली आहे. कोंबडीच्या अंड्यांबरोबर बदक, टर्की, गिनी फाउल किंवा जपानी लावा यांची अंडी ठेवली की ती मिश्र उबवणी होते. हौसेने मिश्र उबवणी करणाऱ्यांचे बहुतेक नुकसान अंडी उबवताना होत नाही, ते नंतर होते. वेगवेगळ्या जातींची अंडी एकत्र उबवता येतात. पिल्ले मात्र शक्यतो वेगळीच वाढवावी लागतात.

खुडूक कोंबडी

देशी कोंबडी दहा-पंधरा अंड्यांची एक खेप घालते आणि खुडूक होते. तिच्या शरीरात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते, अंडी घालणे थांबते, पोटाखालची पिसे गळून कातडी उघडी पडते आणि त्या उबदार कातडीचा थेट स्पर्श अंड्यांना मिळतो. हात पुढे केला की ती पिसे फुलवते, घशातून खुडखुडते, पण जागा सोडत नाही. कोकणात ती ‘रवणीला बसली’ असेही म्हणतात. व्हाइट लेगहॉर्नसारख्या जातींतून हा गुण निवडपद्धतीने जवळजवळ नाहीसा केला आहे, कारण खुडूक कोंबडी म्हणजे अंड्यांचा खाडा. असील कोंबडी चांगली बसते आणि पिल्लांसाठी घारीच्याही अंगावर जाते. मध्य प्रदेशातल्या झाबुआचा कडकनाथ (भौगोलिक मानांकन २०१८) प्रसिद्ध असला तरी त्याची मादी बैठकीला कच्ची असते. म्हणून कडकनाथाची अंडी गावठी कोंबडीखाली ठेवण्याची पद्धत शहाणपणाची आहे.

पिल्ले नकोत, खुडूकपण मोडायचे आहे, अशा वेळी कोंबडीला गार पाण्यात बुडवतात, टांगत्या टोपलीखाली कोंडतात, काही जण तिच्या नाकपुड्यांतून पीस ओवतात. हा शेवटचा प्रकार निव्वळ छळ आहे आणि त्याची गरजही नसते. तळाला वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात, गादी न देता, दाणापाणी ठेवून चार-पाच दिवस राहू दिले की कोंबडी बहुधा आपोआप उठते.

बसवण्यासाठी उथळ पाटी किंवा डालगे घेतात. तळाला थोडी माती किंवा राख, वर पेंढा किंवा वाळके गवत घालून मध्ये खोलगट करतात, म्हणजे अंडी कडेला घरंगळत नाहीत. राखेमुळे उवा आणि गोचिड्यांचा त्रास कमी होतो; त्यासाठीच पुष्कळ घरांत पेंढ्याखाली कडुनिंबाचा पालाही घालतात. उवांनी बेजार झालेली कोंबडी अठराव्या दिवशीही अंडी सोडून जाते, म्हणून ही तयारी किरकोळ समजू नये. मेघगर्जनेने अंडी नासतात या समजुतीने पाटीत लोखंडी खिळा किंवा कोळशाचा तुकडा ठेवण्याची चाल आहे. खिळ्याचा उपयोग होतो असे मानायला कारण नाही. कोळसा मात्र अंड्यांवर खूण करायला फार उपयोगी पडतो. दुसरी कोंबडी येऊन त्याच पाटीत ताजे अंडे घालते, आणि खूण नसली तर ते ओळखूच येत नाही.

कोंबडीला संध्याकाळी, अंधार पडल्यावर बसवावे. मध्यम बांध्याच्या कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरे होतात. ती दिवसातून एकदा उठते, खाते, पाणी पिते, विष्ठा टाकते, धुळीत लोळते आणि पंधरा-वीस मिनिटांत परत येते. तेवढ्या गारव्याने अंड्यांना काही होत नाही. काही कोंबड्या इतक्या चिवट बसतात की उठायचेच विसरतात. त्यांना रोज हाताने उचलून दाण्यापाशी सोडावे लागते, नाहीतर एकविसाव्या दिवशी कोंबडीच निम्मी होऊन उठते.

अंडी कोणती ठेवावी

दुकानातली पांढरी अंडी पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची असतात. तिथे कोंबडाच नसल्याने ती फलित नसतात आणि कितीही उबवली तरी त्यांतून काही निघत नाही. आठ-दहा कोंबड्यांमागे एक धडधाकट नर असावा, बदकांत पाच-सहा माद्यांमागे एक. एकदा संयोग झाला की कोंबडीच्या शरीरात शुक्राणू साधारण दोन आठवडे टिकतात, त्यामुळे कोंबडा विकल्यानंतरही काही दिवसांची अंडी चालतात. अंडे सात दिवसांच्या आतले, नेहमीच्या आकाराचे, तडा नसलेले असावे. ते धुवू नये. कवचावरचे नैसर्गिक आवरण धुतले गेले की छिद्रांतून जंतू आत जातात. चिखल लागलेले अंडे उबवणीला न ठेवता खाण्यासाठी वापरावे.

अंडी साठवायची ती निमुळते टोक खाली करून, घरातल्या सर्वांत गार जागी. महाराष्ट्रात इथेच घात होतो. सुमारे पंचवीस अंशांच्या वर गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि मरतो, म्हणून चैत्र-वैशाखात स्वयंपाकघराच्या फळीवर आठवडाभर ठेवलेली अंडी फसतात. माठाशेजारच्या ओल्या वाळूवर टोपलीत ठेवलेली पुष्कळ वाचतात. दिवाळीनंतर फाल्गुनापर्यंतचा काळ उबवणीला सगळ्यांत चांगला. पावसाळ्यात अंडी बरी उबतात, पण पिल्ले ओलाव्याने मरतात.

गिरिराज, वनराज अशा सुधारित कोंबड्यांच्या अंड्यांबद्दल एक सांगायला हवे. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली गिरिराज आणि हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराज या संकरातून आल्या आहेत. घरी त्यांची अंडी उबवली तर पिल्ले निघतात, पण पुढच्या पिढीत वजन आणि अंड्यांची संख्या एकसारखी राहत नाही. मूळ गुण हवे असतील तर एक दिवसाची पिल्ले शासकीय उबवणी केंद्रातून आणावीत. अशी मध्यवर्ती केंद्रे पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथे आहेत. पिल्लू अंड्यातून निघताना पिवळ्या बलकाचा उरलेला भाग पोटात ओढून घेते आणि त्यावर दोन ते तीन दिवस काढू शकते. एक दिवसाची पिल्ले खोक्यातून लांब पाठवता येतात ती त्यामुळेच.

दिवसांचा हिशेब

कोंबडीला २१ दिवस लागतात. बदक व टर्कीला २८, गिनी फाउलला २६ ते २८, जपानी लाव्याला १७ ते १८ आणि मस्कोव्ही बदकाला ३५. मिश्र उबवणीचे सारे यश या आकड्यांत आहे. सगळी अंडी एकाच दिवशी कोंबडीखाली घातली, तर एकविसाव्या दिवशी कोंबडीची पिल्ले चिवचिवू लागतात. कोंबडी एक-दोन दिवसांत त्यांना घेऊन उठते आणि आत जिवंत असलेली बदकाची अंडी गार पडून मरतात. म्हणून मागून मोजावे. बदकाची किंवा टर्कीची अंडी एका रविवारी ठेवली, तर कोंबडीची पुढच्या रविवारी ठेवावी, म्हणजे ती सगळी पहिल्या रविवारनंतरच्या चौथ्या रविवारी फुटतात. लाव्याची कोंबडीच्या अंड्यांनंतर तीन-चार दिवसांनी ठेवावी, पण ती यंत्रातच. लाव्याचे अंडे जेमतेम दहा ग्रॅमचे आणि पातळ कवचाचे असल्यामुळे कोंबडीच्या पायाखाली टिकत नाही. आणि माणसाळलेली जपानी लावी स्वतः बसत नाही. मस्कोव्ही बदकिणीची अंडी मात्र तिच्याचकडे ठेवावी. पाच आठवडे तिच्यासारखी चिकाटीने कोणी बसत नाही.

बदकाचे अंडे मोठे असते, म्हणून कोंबडीखाली सात-आठच ठेवावीत. ती जड असल्याने कोंबडीला नीट फिरवता येत नाहीत; ती दाणे टिपायला उठली की हाताने उलटावीत. बदकीण पाण्यातून येऊन ओल्या अंगाने बसते. कोंबडीकडून तो ओलावा मिळत नाही, म्हणून शेवटच्या दोन आठवड्यांत त्याच वेळी कोमट पाणी शिंपडतात.

यंत्रातली उबवणी

थर्माकोलचे खोके, बल्ब, तापमान स्थिर ठेवणारा थर्मोस्टॅट आणि लहान पंखा एवढ्यावर घरचे यंत्र होते. बल्ब जुन्या तारेचा लागतो, एलईडी उष्णता देत नाही. पंखा असेल तर तापमान ३७.५ ते ३७.७ अंश सेल्सिअस ठेवतात. पंखा नसेल तर अंड्यांच्या माथ्याशी ते एक अंशाने अधिक ठेवावे लागते, कारण आतली हवा थरांनी तापते. आर्द्रता आधी ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के असावी. अंडी दिवसातून किमान तीन ते पाच वेळा फिरवायची आणि फुटण्याच्या तीन दिवस आधी थांबायचे. ती न फिरवल्यास गर्भ आतल्या पडद्याला चिकटतो. वीज गेली तर घाबरून झाकण उघडू नये. काही तासांचा गारवा गर्भ सोसतो आणि फुटणे फक्त लांबते. यंत्रावर गोधडी टाकून आत गरम पाण्याची बाटली ठेवली की भागते. जास्त उष्णतेपुढे मात्र इलाज नाही. थर्मोस्टॅट अडकून पारा चाळिसाच्या पुढे काही तास राहिला, की सगळी खेप हातची जाते. त्यामुळे पहिली अंडी ठेवण्याआधी दोन दिवस यंत्र रिकामे चालवून, दुसऱ्या तापमापकाने पडताळून पाहावे.

सातव्या दिवशी अंधारात अंड्याच्या बोथट टोकाशी बॅटरी लावून पाहतात. आत लाल शिरांचे कोळ्यासारखे जाळे दिसले तर जीव आहे. स्वच्छ असेल तर अंडे फलित नव्हते. नुसते लाल कडे दिसले तर गर्भ मेला आहे. ॲरिस्टॉटलने रोज एकेक अंडे फोडून तिसऱ्या दिवशी रक्ताच्या ठिपक्यासारखे धडधडणारे हृदय नोंदवले होते; बॅटरीच्या उजेडात आता अंडे न फोडता वाढ पाहता येते. मेलेली अंडी वेळीच काढावीत, नासके अंडे यंत्रात फुटले तर त्याची घाण बाकीच्यांना मारते.

विसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्लू बोथट टोकाकडच्या हवेच्या पोकळीत चोच घालून पहिला श्वास घेते. मग चोचीवरच्या कठीण दाताने कवचाला टवका पाडते आणि थांबते. हे थांबणे बारा-पंधरा तास, कधी चोवीस तासही चालते, आणि याच वेळी माणसाचा धीर सुटतो. त्या अवधीत पडद्यातल्या शिरांतले रक्त आणि उरलेला बलक पिल्लू आत घेत असते. घाईने कवच सोलले तर रक्तस्राव होऊन ते मरते. यंत्राचे झाकणही उघडू नये. आर्द्रता क्षणात उतरते आणि पडदा वाळून पिल्लाभोवती आवळतो.

पिल्ले सांभाळणे

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती तीन अंशांनी कमी करतात. तापमापकापेक्षा पिल्लांकडे पाहावे: दिव्याखाली गोळा होऊन कर्कश ओरडत असली तर थंडी आहे, भिंतीला चिकटून चोच उघडी टाकत असली तर उकाडा आहे. जमिनीवर भाताचे तूस पसरतात. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पाय घसरून फाकतात आणि ते पिल्लू पुढे नीट उभे राहत नाही. पहिल्या दिवशी गुळाचे पाणी आणि बारीक कण्या देण्याची पद्धत सर्वत्र आहे. दुसऱ्या दिवसापासून २० ते २२ टक्के प्रथिनांचे पिल्लांचे खाद्य हवे. पाण्याच्या थाळीत गोटे ठेवावेत. सात-आठ ग्रॅमचे लाव्याचे पिल्लू बोटभर पाण्यातही बुडते.

जातीजातीचे स्वभाव इथे वेगळे होतात. टर्कीच्या पिल्लाला खायचे कसे ते पहिले काही दिवस उमगत नाही. खाद्य समोर असून ते उपाशी मरते. पाण्यात थोडे दूध, दहा पिल्लांमागे एक उकडलेले अंडे आणि चिरलेला हिरवा पाला दिला की ती टोचू लागतात, कारण हिरवा रंग त्यांना ओढतो. त्यांच्यात कोंबडीची एक-दोन पिल्ले सोडली की ती त्यांचे पाहून शिकतात, पण ही सोबत स्वच्छ, कोरड्या खोक्यात आणि थोडेच दिवस असावी. टर्कीला २८ टक्के, लाव्याला व गिनीला २४ ते २६ टक्के प्रथिने लागतात. बदकाच्या पिल्लाला नायसिन हे जीवनसत्त्व अधिक लागते, ते कमी पडले की पाय वाकतात. बुरशी आलेल्या मक्यातले अफ्लाटॉक्सिन हे विष बदकाला सर्वांत आधी मारते. शिवाय बदकाची पिल्ले पाणी उडवून तूस चिंब करतात आणि त्या ओलीत कोंबडीच्या पिल्लांना रक्ती हगवण लागते. एवढ्या एका कारणाने दुसऱ्या आठवड्यापासून त्यांचे खुराडे वेगळे करावे.

कोंबडीखाली निघालेली बदके तिलाच आई मानतात. डबके दिसले की ती पाण्यात उतरतात आणि कोंबडी काठावर कासावीस होऊन फिरते. बदकिणीविना वाढलेली पिल्ले सुरुवातीला पाण्यात चटकन भिजतात आणि गारठतात, म्हणून त्यांना तीन-चार आठवडे पोहू देऊ नये. गिनीची पिल्ले कोंबडीखालीच बरी. गिनीची मादी त्यांना पहाटेच्या दवातून फिरवते आणि ती वाटेतच गळतात.

रोग आणि एकत्र कळप

कोंबडीच्या आतड्यातल्या बारीक कृमींबरोबर एक सूक्ष्म जीव पसरतो. कोंबडीला त्याने सहसा काही होत नाही, टर्कीचे मात्र यकृत सडते. या रोगाला ब्लॅकहेड म्हणतात. कोंबड्या फिरल्या त्या जमिनीवर टर्की सोडू नये, हा नियम त्यातूनच आला. बदके बर्ड फ्लूचे विषाणू लक्षणे न दाखवता वाहू शकतात. भारतातला पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला, आणि तेव्हा परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. तळ्यावर जाणारी बदके आणि खुराड्यातल्या कोंबड्या यांचे पाणी तरी वेगळे असावे.

मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा गावातला सर्वांत मोठा घातक रोग. पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात लासोटा लशीचा थेंब आणि सहा ते आठ आठवड्यांनी टोचणी, एवढ्याने तो टळतो. अडचण अशी की लशीची बाटली शेकडो मात्रांची येते आणि एकदा मिसळली की दोन तासांत संपवावी लागते. घरची बारा पिल्ले त्यामुळे बिनलशीची राहतात. वाडीतल्या चार-पाच घरांनी एकाच आठवड्यात कोंबड्या बसवल्या, तर एकाच बाटलीत सगळ्यांची पिल्ले होतात.

रानातून सापडलेली मोराची किंवा रानकोंबडीची अंडी कोंबडीखाली ठेवणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. हेतू चांगला असला तरी अंडी जागेवरच सोडावीत आणि वनविभागाला कळवावे.

कोंबडी पिल्लांना साधारण सहा ते आठ आठवडे फिरवते. पुढे ती त्यांना दाण्यापाशी टोचून दूर करू लागते, तुरा पुन्हा लाल होतो आणि ती अंडी घालू लागते. यंत्रातली पिल्ले याच वयात ऊब सोडून रात्रीच्या खुराड्यात जायला तयार झालेली असतात. साधारण निम्मी कोंबडे निघतात, म्हणून बारा अंडी बसवणाऱ्या घरात सणाला कोंबडा आणि खुराड्यात तीन-चार तलंगा (तरुण कोंबड्या), एवढी बेगमी होते.