अश्विनी पोनप्पा: जोडी बदलली की हिशेब पुन्हा शून्यापासून

बॅडमिंटनमध्ये एकेरीतल्या खेळाडूची क्रमवारी तिची एकटीची असते. दुहेरीत ती जोडीची असते. जोडीदार बदलला की जुन्या जोडीने कमावलेले गुण नव्या जोडीच्या नावावर चढत नाहीत. भारताची दुहेरीतली खेळाडू अश्विनी पोनप्पाने हा हिशेब एकदा नाही, अनेकदा नव्याने मांडला. तिची कारकीर्द नुसत्या पदकांच्या यादीतून कळत नाही, ती त्यामुळेच.

भारतात महिला दुहेरीची परंपरा जुनी आहे आणि तिचं मूळ बरंचसं महाराष्ट्रात आहे. १९४० च्या दशकात प्रा. दि. ब. देवधरांच्या तीन मुलींनी, तारा, सुंदर आणि सुमन यांनी, देशातलं महिला बॅडमिंटन गाजवलं. १९७८ मध्ये एडमंटनच्या राष्ट्रकुल स्पर्धेत मुंबईच्या अमी घिया आणि कंवल ठाकर सिंग यांनी दुहेरीत कांस्य मिळवलं. त्यानंतर मात्र देशाचं लक्ष आणि पैसा एकेरीकडेच वळत राहिला.

दुहेरीत नाव कमावलेली ज्वाला गुट्टा या काळातली. जन्म वर्ध्याचा, घडली हैदराबादमध्ये, प्रशिक्षक एस. एम. आरिफ यांच्या हाताखाली. श्रुती कुरियनबरोबर ती अनेक वर्षं राष्ट्रीय दुहेरी जिंकत होती. याच काळात, २००६ मध्ये, खेळाचे नियमच बदलले. आधी गेम १५ गुणांचा होता, सर्व्हिस करणाऱ्या बाजूलाच गुण मिळे आणि दुहेरीत एका फेरीत जोडीतल्या दोघींना सर्व्हिस करायला मिळे. आता प्रत्येक रॅलीला गुण, गेम २१ चा आणि सर्व्हिसची संधी एकच. सर्व्हिस किंचित उंच गेली आणि समोरचीने ती जाळ्याजवळच ठोकली, तर पूर्वी फक्त सर्व्हिस जायची. आता थेट गुण जातो.

मूळची कोडगू भागातली, बंगळुरूत वाढलेली अश्विनी ज्वालाबरोबर खेळू लागली, तेव्हा दोघींच्या खेळाचे सांधे नेमके बसले. अश्विनीचा मागच्या कोर्टातून येणारा स्मॅश महिला दुहेरीत विरळा होता. ज्वाला डावखुरी, जाळ्याजवळ हात अतिशय मऊ. अश्विनीने वरून मारायचं, परतलेलं कमकुवत शटल ज्वालाने पुढे टिपायचं.

डावी-उजवी जोडी फायद्याची खरी, पण तिच्यात एक अडचण असते. बचावात दोघी शेजारी-शेजारी उभ्या असताना डावखुरी डावीकडे असेल, तर दोघींचे फोरहँड बाहेरच्या बाजूंना येतात आणि मधल्या पट्ट्यात दोन बॅकहँड उरतात. जागा बदलल्या की उलट होतं: मध्ये दोन फोरहँड, दोघीही शटलला जातात आणि रॅकेटी आपटतात. म्हणून ठरवून ठेवावं लागतं की स्मॅश ज्या बाजूने येतोय, त्याच्या समोर उभी असलेली सरळ रेषा सांभाळेल आणि तिरकी उभी असलेली मधला भाग घेईल. दर रॅलीत दोन-तीनदा जागा बदलत असताना हे न बोलता व्हायला लागतं. त्यासाठी सरावाचे महिने लागतात, आणि जोडी मोडली की हाच ठेवा सगळ्यात आधी जातो.

२०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी अंतिम सामन्यात सिंगापूरच्या शिंता मुलिया सारी आणि याओ ले यांना २१-१६, २१-१९ असं हरवलं. महिला दुहेरीतलं भारताचं हे पहिलं राष्ट्रकुल सुवर्ण. पुढच्या वर्षी लंडनच्या जागतिक स्पर्धेत कांस्य. प्रकाश पदुकोण यांच्या १९८३ च्या कांस्यानंतर भारताला मिळालेलं ते पहिलंच जागतिक पदक होतं, हे आज सिंधू-साईनाच्या पदकांपुढे सहज विसरलं जातं. ते व्हायला नको.

२०१२ चं लंडन ऑलिम्पिक आकड्यांत पाहिलं तरच नीट समजतं. गटात जपानकडून १६-२१, १८-२१ हार. तैपेईवर (म्हणजे तैवानवर) २५-२३, १६-२१, २१-१८ आणि सिंगापूरवर २१-१६, २१-१५ विजय. भारत, जपान, तैपेई, तिघांचेही दोन-दोन विजय. गेमच्या फरकात तैपेई पुढे निघाली, भारत आणि जपान बरोबरीत राहिले. मग गुणांचा फरक काढला. भारताने मिळवले १३८, दिले १३५, म्हणजे अधिक ३. जपानचे अधिक ४. एका गुणाने उपांत्यपूर्व फेरी हुकली. जपानची जोडी तैपेईकडून सरळ गेममध्ये हरली होती. तो सामना जपान पूर्ण ताकदीने खेळला का, अशी शंका घेत भारताने केलेली तक्रार फेटाळली गेली. त्याच स्पर्धेत सोयीचा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून मुद्दाम हरू पाहणाऱ्या चार जोड्या बाद झाल्या. म्हणून २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकपासून गटातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या जोड्यांसाठी नव्याने सोडत काढण्याचा नियम आला.

लंडननंतर ज्वाला काही काळ थांबली, तेव्हा अश्विनी महाराष्ट्राच्या प्रज्ञा गद्रेबरोबर खेळली. ज्वालाबरोबर पुन्हा जमल्यावर २०१४ मध्ये राष्ट्रकुल रौप्य आणि २०१५ मध्ये कॅनडा ओपन. रिओत मात्र तिन्ही सामने हरले. नंतर एन. सिक्की रेड्डीबरोबर २०१८ चं राष्ट्रकुल कांस्य आलं, पण टोकियो ऑलिम्पिकची पात्रता हुकली.

२०२३ मध्ये तेहतिसाव्या वर्षी तिने तनिषा क्रास्टोबरोबर सुरुवात केली. तनिषा मूळची गोव्याची, जन्म दुबईचा; दिल्लीचं सुवर्ण आलं तेव्हा ती सात वर्षांची होती. नव्या जोडीला गुण कुठून आणायचे? सुपर १००० या वरच्या दर्जाच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरलं तरी ३००० गुण मिळतात, पण तिथे प्रवेश मिळायला आधी क्रमवारी लागते. इंटरनॅशनल चॅलेंज ही खालच्या दर्जाची स्पर्धा अख्खी जिंकली तर ४०००, तिच्या वरची सुपर १०० जिंकली तर ५५००. म्हणून खालून चढायचं: फ्रान्समधल्या नांतचं चॅलेंज जिंकलं, मग अबुधाबी आणि गुवाहाटी या सुपर १०० स्पर्धा, आणि त्यांहून वरच्या दर्जाच्या, लखनौच्या सय्यद मोदी स्पर्धेत उपविजेतेपद, म्हणजे आणखी ५९५०. क्रमवारीत वर्षभरातले सर्वोत्तम दहा निकाल धरतात. एका देशाच्या दोन जोड्या ऑलिम्पिकला जायच्या तर दोन्ही पहिल्या आठांत हव्यात. त्यामुळे भारताच्याच त्रिसा जॉली आणि गायत्री गोपीचंद यांच्याशी त्यांची शर्यत होती, आणि ती अश्विनी-तनिषाने जिंकली.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तिन्ही सामने गेले. हे आपलं शेवटचं ऑलिम्पिक, असं अश्विनीने तिथेच सांगितलं. त्याच डिसेंबरात गुवाहाटीचं विजेतेपद दोघींनी पुन्हा जिंकलं.