हदलाका

हदलाका : (हिब्रू, पूर्ण रूप ‘हदलाकत नेरोत’). दिवे किंवा मेणबत्त्या लावणे. ज्यू धर्माचारात विशेषतः शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी घरच्या स्त्रीने शब्बाथचा दिवा लावणे. शब्बाथ म्हणजे शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतचा विश्रामदिवस; त्या काळात अग्नी पेटवायचा नसतो.

मूळ धातू द-ल-क, ‘जळणे’. हदलाका हे त्याच्या प्रयोजक रूपापासून झालेले नाम. मराठीत दिवा ‘लागतो’ आणि आपण तो ‘लावतो’, तसाच हा संबंध. बायबलमध्ये हा धातू ‘त्वेषाने पाठलाग करणे’ या अर्थीही येतो (उत्पत्ती 31:36). मात्र निर्गम 27:20 मध्ये दिव्यासाठी ‘चढवणे’ हे क्रियापद आहे. दिव्याच्या संदर्भात हदलाका रूढ झालेला दिसतो तो मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहात (संकलन इ. स. 200 च्या सुमारास). ‘नेर’ म्हणजे तेव्हा तेलाचा दिवा; मेणबत्ती हा अर्थ नंतरचा. कोणते तेल चालेल यावर तेथे बरीच चर्चा आहे. रब्बी तार्फोन यांना फक्त ऑलिव्हचे मान्य; इतरांनी तिळाचेही चालवले आणि व्यवहारात तेच मत टिकले. कोकणात तेलघाणे चालवून शनिवारी ते बंद ठेवणाऱ्या, म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवल्या गेलेल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाला या वादाची बहुधा वार्ताही नसावी.

दिवा लावताना म्हणायचा आशीर्वाद तालमूदमध्ये (मिश्ना व तिच्यावरील चर्चा यांचा ग्रंथ) नाही. तो नवव्या शतकातील आम्राम गाओन या धर्मपंडिताच्या प्रार्थनाक्रमात आढळतो. शब्बाथला घरात अग्नी जळता ठेवण्यास कराईट या, तालमूद न मानता केवळ बायबल प्रमाण मानणाऱ्या, ज्यू पंथाचा विरोध होता, त्याला उत्तर म्हणून तो रूढ झाला, असे काही अभ्यासक मानतात. तर्क पटण्याजोगा आहे, पण तो आशीर्वादापुरताच; दिव्याची प्रथा त्याहून पुष्कळ जुनी आहे.

ठाण्यात टेंभी नाक्याजवळ ‘शाआर हाशामायिम’ हे 1879 मधील सिनेगॉग (ज्यू प्रार्थनामंदिर) आहे. सूर्यास्ताच्या 18 मिनिटे आधी हा रूढ संकेत धरल्यास येथील हदलाकाची वेळ ऋतूनुसार सुमारे पावणेसहा ते सातच्या दरम्यान येते. त्यामुळे ‘दिवेलागण’ हा मराठी प्रतिशब्द जवळचा वाटला तरी अचूक नाही. दिवेलागण सूर्य मावळल्यावरची. त्या वेळी काडी ओढली तर शब्बाथ मोडतो. हा दिवा मालवायचाही नसतो, तेल किंवा मेण संपले की आपसूक शांत होतो.

हनुक्काच्या आठ रात्री वाढत्या संख्येने लावायच्या दिव्यांनाही हाच शब्द लागू आहे. बेने इस्रायलांच्या जुन्या परंपरेत हा सण नव्हता, तो नंतर इतर ज्यूंच्या संपर्कातून आला, असे सामान्यतः मानले जाते.