चिन्ह बदलतं, पण कोणतं?

समीकरण तुम्हाला येतं. दोन्ही बाजूंना तेच करायचं, तराजू कलू द्यायचा नाही. त्यावर वेळ घालवत नाही. असमानता, म्हणजे = च्या जागी < किंवा > असलेली मांडणी, हीही बहुतेक तशीच सुटते, आणि त्या 'बहुतेक'मध्येच पोरं पडतात.

नागपुरात महाल भागातल्या माझ्या शिकवणीत दरवर्षी तीच वही समोर येते. ७ − ३क्ष < १. खालची ओळ: −३क्ष > १ − ७.

"काहून रे उलटवलं?"

"सर, सात पलीकडे नेला, चिन्ह बदलवलं ना!"

घोळ आपल्या शब्दाचा आहे. अधिक-वजा म्हणजे चिन्ह, आणि < > म्हणजेही चिन्हच. इंग्लंडात थॉमस हॅरियट या गणितज्ञाच्या मरणानंतर, १६३१ साली, ही < > छापली गेली. आपण अजून त्यांना वेगळं नाव दिलेलं नाही. पक्षांतरात, म्हणजे पद पलीकडच्या बाजूला नेताना, बदलतं ते साताचं चिन्ह. मधलं जागचं हलत नाही. गंमत म्हणजे हाच पोरगा पुढे −३ ने भागताना उलटवायचं विसरला आणि उत्तर आलं क्ष > २. बरोबर! दोन चुकांनी एकमेकींना खाल्लं. मी गुण कापले, तर आई भांडायला आली.

मधलं चिन्ह उलटतं ते ऋण संख्येने गुणलं किंवा भागलं तरच. झीरो माइलच्या घोड्यांपाशी उभे राहा. कामठीकडे अधिक, वर्धेकडे वजा (रस्ता सरळ नाही, चालवून घ्या). दोन मित्र कामठीकडे २ आणि ५ किलोमीटरवर आहेत. दोघेही ७ किलोमीटर वर्धेकडे सरकले: −५ आणि −२. पाचवाला अजूनही कामठीच्या बाजूने पुढेच. बेरीज-वजाबाकी म्हणजे एवढंच सरकणं. आता मूळच्या जागांना −१ ने गुणा: −२ आणि −५. पाचवाला मागे गेला. क्रमच फिरला, म्हणून चिन्ह फिरतं.

'वजा दिसला की उलटव' हा नियम शिकवणाऱ्यांचा मला राग येतो. ३क्ष < −६ मध्ये वजा दिसतो, पण भागतोय +३ ने. उत्तर क्ष < −२, उलटवायचं काही नाही. मी तर वहीतल्या ७ − ३क्ष < १ मध्ये ३क्ष लाच उजवीकडे नेतो: ६ < ३क्ष, म्हणून २ < क्ष. उलटवायची वेळच येत नाही. २ < क्ष आणि क्ष > २ एकच. < आणि ≤ यांतला फरक संख्यारेषेवरच्या पोकळ आणि भरीव ठिपक्याचा, तो पाहिला की कळतो.

खरा खड्डा पुढे आहे: ६/क्ष > २. समीकरणात क्ष ने गुणताना तो शून्य नाही एवढं पाहिलं की झालं. इथे क्ष धन की ऋण हेच माहीत नाही. डोळे मिटून गुणलं तर क्ष < ३ येतं. −१ त्यात बसतो, पण मूळ असमानतेत घाला: −६ > २? दोन्ही असमानतांची उत्तरं सारखी असली तरच त्या सममूल्य, इथे नाहीत. क्ष ऋण असेल तर डावी बाजू ऋण, ती २ पेक्षा मोठी होणारच नाही. उरतं ० < क्ष < ३.