घरगुती ईईजी आणि आयसोलेशनचा न मिटलेला वाद

माणसाच्या डोक्यावरून मेंदूच्या विद्युत लहरी (त्यांचीच नोंद म्हणजे ईईजी) पहिल्यांदा टिपल्या गेल्या 1924 साली, जर्मनीतल्या येना शहरात. त्या जगासमोर आल्या 1929 मध्ये. पुढची काही दशकं हा विषय इस्पितळांचा आणि प्रयोगशाळांचाच राहिला, म्हणून ती इथे ओलांडून जाऊ. आपल्याकडचा एक दुवा मात्र सोडवत नाही. 1957 मध्ये अमेरिकेहून आलेल्या संशोधकांनी नेआण करता येईल असं ईईजी यंत्र घेऊन भारतभर योगसाधकांच्या नोंदी घेतल्या. 1961 मध्ये दिल्लीतल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, समाधीत असलेल्या योग्यांच्या अल्फा लहरी, म्हणजे डोळे मिटून शांत असताना दिसणाऱ्या 10 हर्ट्झच्या आसपासच्या लहरी, बाहेरच्या उजेडाने किंवा आवाजाने मोडत नाहीत, असं निरीक्षण होतं. त्याच दशकात अमेरिकेत माणसाला स्वतःची अल्फा ओळखायला शिकवण्याचे प्रयोग सुरू झाले आणि सत्तरच्या दशकात घरी वापरायची अल्फा यंत्रं बाजारात आली. त्यांतली किती यंत्रं मेंदू ऐकत होती आणि किती कपाळाचे स्नायू, हे न विचारलेलंच बरं.

1988 मध्ये एका अमेरिकी संगणक मासिकात असं यंत्र स्वतः बांधण्याचा आराखडा छापून आला. पण आज ज्याला घरगुती ईईजी म्हणतात, तो खऱ्या अर्थाने 2000 नंतरचा. वेगवेगळ्या देशांतल्या हौशी मंडळींनी मिळून मॉड्युलर-ईईजी नावाचं डिझाइन तयार केलं आणि सर्किट, बोर्डाचे नकाशे, प्रोग्राम सगळं खुलं ठेवलं. सुट्या बाजारात मिळणारी, क्षीण सिग्नल मोठा करणारी इन्स्ट्रुमेंटेशन अँप्लिफायर चिप, एव्हीआर जातीचा एक स्वस्त मायक्रोकंट्रोलर (एका चिपवरचा छोटा संगणक), सेकंदाला 256 नमुने, दहा बिटांची मोजणी. आजच्या हिशेबात हे फारच साधं आहे. तरी डोक्याच्या मागच्या बाजूला इलेक्ट्रोड लावून डोळे मिटले की पडद्यावर 10 हर्ट्झच्या आसपासची लहर फुगायची आणि डोळे उघडले की बसायची. इलेक्ट्रोडसुद्धा घरीच व्हायचे. चांदीची तार कपडे पांढरे करायच्या ब्लीचमध्ये बुडवून ठेवायची. ती काळपट राखाडी झाली की सिल्व्हर क्लोराइडचा थर बसला.

खरी खडाजंगी झाली ती आयसोलेशनवरून, म्हणजे डोक्याला जोडलेला भाग घरातल्या विजेपासून पूर्ण तोडून ठेवायचा की नाही यावरून. मॉड्युलर-ईईजीत डोक्याकडची बाजू आणि संगणकाकडची बाजू यांच्यात तारेचा संबंधच ठेवलेला नव्हता. डेटा जायचा ऑप्टोकपलरमधून, म्हणजे प्रकाशाच्या रूपात, आणि वीज यायची आयसोलेटेड डीसी-डीसी कन्व्हर्टरमधून, म्हणजे थेट तार न जोडता वीज पलीकडे देणाऱ्या भागातून. या भागांनी खर्च वाढायचा आणि बोर्ड किचकट व्हायचा. विरोधकांचं म्हणणं सोपं होतं : लॅपटॉप बॅटरीवर चालवा, चार्जर काढून ठेवा, विषय संपला. काहींनी साउंडकार्डमधूनच सिग्नल आत घ्यायचा मार्ग काढला. साउंडकार्ड इतक्या संथ लहरी गाळून टाकतं, म्हणून आधी त्या वरच्या वारंवारतेवर चढवायच्या. युक्ती भारी होती, पण मधे आयसोलेशनची भिंत बांधायची की नाही हा प्रश्न तिथेही होताच.

माझ्या मते भिंतीवाल्यांचंच बरोबर होतं, आणि त्याचं कारण इलेक्ट्रोडमध्येच आहे. मेंदूचा सिग्नल डोक्याच्या कातडीवर पोहोचतो तेव्हा उरतो जेमतेम काही दहा-वीस मायक्रोव्होल्ट (व्होल्टचा दहा लाखावा भाग). तो पकडायला कातडी घासून, पेस्ट लावून तिचा अडथळा पाच किलोओहमच्या आत आणायचा, अशी रीत आहे. म्हणजे संरक्षण देणारी कोरडी कातडी आपण स्वतःच बाजूला सारतो. त्यात घरातल्या विजेची 50 हर्ट्झची गुणगुण कमी करण्यासाठी तिसरा इलेक्ट्रोड असतो. त्यातून सर्किट उलटा सिग्नल शरीरात सोडतं, म्हणजे हे यंत्र शरीराला नुसतं ऐकत नाही, त्याला धरूनही ठेवतं. मधले रेझिस्टर हा प्रवाह अगदी थोडा ठेवतात, पण ते सर्किट धड असेपर्यंत. आपल्याकडे दोन पिनांच्या चार्जरवर लॅपटॉप असला की धातूच्या कडेवर हात फिरवताना मुंग्या येतात. ती गळती बोटांना नुसती जाणवते. तीच वाट पेस्ट लावलेल्या डोक्याला मिळावी, असं कुणाला वाटेल? आणि चार्जर काढून ठेवणारा माणूस रेकॉर्डिंगच्या मध्येच बॅटरी संपली की काय करतो, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

वाद निकाली निघाला नाही, बाजूला पडला. 2009 च्या सुमारास कपाळावर एकच कोरडा इलेक्ट्रोड टेकवणारी खेळणी आली. लोकांनी ती उघडून आतल्या चिपच्या सीरियल पिनला तार जोडली आणि डेटा आर्डुइनो या हौशी लोकांच्या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डात घेतला. चिप 'अटेन्शन' आणि 'मेडिटेशन' असे तयार आकडे द्यायची. ते कशावरून काढले, हे बनवणाऱ्यांनी उघड केलं नाही, तरी त्या आकड्यांवर शाळेतले किती विज्ञान प्रकल्प उभे राहिले! पुढे खास ईईजीसाठी बनवलेली, आठ चॅनेलची 24 बिटांची एडीएस1299 चिप आली. 2013-14 मध्ये लोकवर्गणीतून तिच्यावर आधारलेला खुला बोर्ड निघाला. तो चार पेन्सिल सेलवर चालायचा आणि डेटा बिनतारी पाठवायचा. आयसोलेशन असं आपोआपच मिळालं. त्याच काळात 9 व्होल्टच्या बॅटरीने डोक्यात करंट सोडणाऱ्यांचा वेगळा पंथ निघाला. दोन्ही छंद एकाच नावाखाली धरले जातात याचा नुसत्या लहरी टिपणाऱ्यांना राग येतो आणि तो रास्त आहे.

गेल्या काही वर्षांत भारतातच बनलेले, बोटाच्या पेराएवढे स्वस्त अँप्लिफायर बोर्ड मिळू लागले आहेत. त्यांनी हा छंद इंजिनियरिंग कॉलेजांत आणला, हे मान्यच करायला हवं. पण अशा बोर्डांवर आयसोलेशन नसतं. आर्डुइनो, यूएसबी केबल, लॅपटॉप, चार्जर अशी सरळ तार लागते आणि सूचनेत पुन्हा तेच वाक्य येतं : लॅपटॉप बॅटरीवर ठेवा. यूएसबी आयसोलेटरचं तयार मॉड्यूल मधे बसवता येतं. पण ते बऱ्याचदा बोर्डापेक्षा महाग पडतं, म्हणून यादीतून पहिलं तेच कटतं.