शातो ओ-ब्रियाँला पहिला दर्जा कुणी चाखून दिला नव्हता

वाइनच्या गप्पांत हमखास ऐकू येणारी कथा अशी: 1855 साली फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याने जाणकारांना पेले भरभरून चाखायला लावले आणि फ्रान्समधल्या बोर्दो भागातल्या वाइनची प्रतवारी ठरली; त्यात शातो ओ-ब्रियाँ या बागेच्या वाइनला पहिला दर्जा मिळाला. तसं काही घडलं नाही.

त्या वर्षी पॅरिसला मोठं जागतिक प्रदर्शन होतं. त्यासाठी बोर्दोच्या व्यापार मंडळाने दलालांकडून यादी मागवली. दलालांनी आपल्या वह्या उघडल्या. कुठल्या बागेच्या मालाला वर्षानुवर्षं काय भाव मिळत आला, त्यावर क्रम लागला. म्हणजे निवाडा बाजारभावाचा, आणि तोही अनेक वर्षांच्या भावाचा. मला तर तो एका दिवसाच्या चाखण्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

यादीतल्या बाकी सगळ्या रेड वाइन बोर्दोतल्याच मेदोक भागाच्या. ग्राव्ह भागातली एकटी ओ-ब्रियाँ थेट पहिल्या दर्जात. कारण तिचं नाव तेव्हाही जुनंच होतं. 1663 साली लंडनच्या एका मद्यालयात इंग्रज रोजनिशीकार सॅम्युअल पेपिसने ही वाइन प्यायली आणि रोजनिशीत तिची चव चांगली, अगदी आगळी असल्याचं लिहून ठेवलं. ‘ग्राव्ह’ म्हणजे खडी. या बागेत वेलींच्या बुंध्याशी खरोखरच गोटे पसरलेले दिसतात.

आणखी एक गोष्ट. ओ-ब्रियाँची व्हाइट वाइनही फार नावाजलेली, सेमियाँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ द्राक्षांची. पण 1855चा दर्जा तिला लागू नाही. व्हाइटच्या यादीत फक्त सोतेर्न-बार्साककडच्या गोड वाइन होत्या.